समोरचा ऑल-इन गेला, आता कॉल करू की पत्ते टाकू? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत आमच्या गच्चीवर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नो-लिमिट होल्डेमचा डाव बसतो, म्हणजे हातात दोन आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं असलेलं, हव्या तेवढ्या चिप्स एकदम लावता येणारं पोकर. आठ-नऊ जण, प्लास्टिकच्या चिप्स, पैसा एकही नाही. पहिल्या तिघांना गुण मिळतात आणि वर्षअखेर ज्याचे गुण जास्त, त्याचं नाव आजोबांच्या सागवानी कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहिलं जातं. येणारे बहुतेक दिवाळीच्या तीन पत्तीवर वाढलेले. पोकरची रीत त्यांना दोन बैठकांत जमते, पण समोरच्यानं सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या, म्हणजे तो ऑल-इन गेला, की तेवढ्याच टाकून कॉल करायचा की पत्ते टाकायचे, इथे भलेभले अडतात. तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

समोरच्यानं ऑल-इन म्हटलं. सगळ्यात आधी काय बघायचं?

भाव. तो थाप मारतोय का, त्याच्याकडे काय असेल, हे सगळं नंतर. इथल्या सियागंज बाजारात हळद घ्यायला गेलात आणि माल कितीही चोख वाटला, तरी भाव कळल्याशिवाय पोतं उचलायचं की नाही ते ठरत नाही. इथेही तसंच आहे. मला किती टाकायचे आहेत आणि त्या बदल्यात किती मिळू शकतात, हे दोन आकडे हातात आले की प्रश्न अर्धा सुटतो. नवशिके नेमका हाच टप्पा गाळतात आणि थेट समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

भाव काढायचा कसा?

तुम्हाला जेवढे टाकायचे आहेत, त्याला कॉलनंतर होणाऱ्या एकूण पॉटनं, म्हणजे मधल्या चिप्सच्या ढिगानं, भागा. बस्स.

समजा पॉटमध्ये १०० होते आणि त्यानं १०० चा ऑल-इन केला. तुम्ही १०० टाकलेत की पॉट ३०० होतो. १०० भागिले ३००, म्हणजे ३३ टक्के. तीनपैकी एकदा जिंकलात तरी बरोबरीत सुटलात, त्याहून जास्त वेळा जिंकलात तर फायदा. त्यानं अर्ध्या पॉटएवढेच, म्हणजे ५० लावले असतील तर ५० भागिले २००, २५ टक्के पुरतात. पॉटच्या दुप्पट लावले तर २०० भागिले ५००, म्हणजे ४० टक्के. तिप्पट लावले तर सुमारे ४३.

या आकड्यांतली एक गोष्ट आमच्या गच्चीवर मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. समोर एकच जण असेल, तर त्यानं कितीही मोठा ढीग पुढे ढकलला तरी हा आकडा ५० वर जात नाही, कारण आधीचा पॉट तुमच्या बाजूनं वजन टाकत असतो. म्हणजे कॉल करायला तुम्ही ‘पुढे’ असण्याची गरज नसते. अनेकदा थोडं मागे असूनही कॉल बरोबर ठरतो. तीन पत्तीत वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण तिथे मनात एकच प्रश्न असतो: माझे पत्ते मोठे की त्याचे?

पण मी आधीच इतक्या चिप्स टाकल्यात. आता मागे कसा हटू?

टाकलेल्या चिप्स तुमच्या राहिलेल्या नाहीत, त्या पॉटच्या आहेत. त्यांचा हिशेब भावात आपोआप येतो, कारण पॉट त्यांच्यामुळेच मोठा झालेला असतो. त्या वेगळ्या काढून पुन्हा मोजल्या तर एकच चिप दोनदा मोजली जाते.

कोणते पत्ते कोणत्या पत्त्यांसमोर किती वेळा जिंकतात, हे पाठ करावं लागतं का?

सगळं नाही, पण फ्लॉपच्या (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांच्या; चौथं ते टर्न, पाचवं ते रिव्हर) आधीचे पाच-सहा आकडे तोंडपाठ हवेतच. पाढ्यांसारखे.

मोठी जोडी विरुद्ध छोटी जोडी: मोठी सुमारे ८१ टक्के. एक्के विरुद्ध राजे हाच आकडा ८२ च्या आसपास जातो, म्हणजे राजांची जोडी घेऊन एक्क्यांवर आपटलेला माणूसही पाचातून जवळजवळ एकदा वाचतो. जोडी विरुद्ध तिच्याहून मोठी दोन पानं, उदाहरणार्थ राण्या विरुद्ध एक्का-राजा: जोडी ५४ ते ५७. दुर्रीची जोडी असली तरी एक्का-राजासमोर ती अर्ध्याच्या किंचित वरच असते. एक्का-राजा विरुद्ध एक्का-राणी: सुमारे ७४ विरुद्ध २६, कारण एक्का दोघांकडे आहे आणि राणीवाल्याला राणीच लागावी लागते. आणि जे ऐकून सगळे दचकतात ते हे: मोठ्या दोन पानांसमोर छोटी, वेगळी दोन पानंसुद्धा पस्तीसच्या आसपास जिंकतात. तीनातून एकदा.

म्हणून समोरचा एक्का-राजाच घेऊन बसलाय असं खात्रीनं कळलं, तरी नुसत्या त्या माहितीवर फोल्ड करता, म्हणजे पत्ते टाकता, येत नाही. पुन्हा भावाकडे जावं लागतं.

माझा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) किंवा स्ट्रेट (ओळीनं पाच पानं) अजून व्हायचा आहे. अशा अर्धवट पत्त्यांवर कॉल करू का?

उपयोगी पानं मोजा. फ्लशला एक पान कमी असेल तर त्या रंगाची ९ पानं बाहेर आहेत. दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेटला ८. फ्लॉपवर ऑल-इन झालं असेल तर अजून दोन पानं पडायची आहेत, म्हणून ४ नं गुणा: फ्लशला ३६ (खरा आकडा ३५). टर्नवर झालं असेल तर एकच पान उरलंय, २ नं गुणा: १८ (खरा आकडा १९.६, कारण न दिसलेल्या ४६ पानांपैकी ९).

आता हाच भाव दोन्ही ठिकाणी लावून बघा. पॉट ६००, ऑल-इन ४००. ४०० भागिले १४००, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के हवेत. फ्लॉपवर हा कॉल डोळे झाकून होतो. टर्नवर तेच पत्ते, तोच पॉट, तेवढीच बेट, आणि पत्ते टाकावे लागतात. बैठकीत सगळ्यात जास्त चिप्स या एका चुकीत जातात, कारण माणूस ‘माझा फ्लश लागणार’ एवढंच धरून बसतो; किती पानं पडायची उरलीत ते बघत नाही.

गुणाकाराची ही युक्ती पानं जास्त असली की थोडी फुगवून सांगते. १५ पानांना ती ६० म्हणते, खरं उत्तर ५४ आहे. आणि प्रत्येक पान मोजण्याआधी विचारा: हे पडलं तर मी खरंच जिंकतो का? फ्लॉपवर समोरच्याकडे तीन सारखी पानं असतील, तर तुमचा फ्लश पूर्ण करणारं एखादं पान टेबलावर जोडी लावून त्याचं फुल हाउसही (तीन सारखी आणि एक जोडी, फ्लशहून मोठा हात) करून देतं.

समोरच्याकडे काय आहे हे मला कसं कळणार?

एक ठरावीक हात, म्हणजे त्याचे नेमके पत्ते, कधीच कळत नाही. जो माणूस ‘त्याच्याकडे एक्केच आहेत’ असं छातीठोक सांगतो तो घाबरलेला असतो. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. आपण हातांचा गट धरायचा, ज्याला रेंज म्हणतात, आणि तो मोजायचा.

महाभारतात वनपर्वात नळाची गोष्ट आहे. द्यूतात राज्य हरलेला नळ बाहुक होऊन ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला असतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे एक नजर टाकून त्यावर पानं किती, फळं किती, ते सांगतो. नळ रथ थांबवतो, झाड तोडून मोजतो, आकडा बरोबर निघतो, आणि मग अश्वविद्येच्या बदल्यात तो त्याच्याकडून अक्षविद्या शिकतो. आजीकडून ही गोष्ट ऐकली तेव्हा फाशांचा आणि पानं मोजण्याचा संबंध काय, हे मला कळलं नव्हतं. पोकर खेळायला लागल्यावर कळलं. न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज मोजून बांधायचा, हीच ती विद्या.

मोजायचं असं. कोणतीही एक जोडी ६ प्रकारांनी येते. जोडी नसलेली कोणतीही दोन पानं १६ प्रकारांनी: ४ एकाच रंगाची, १२ वेगवेगळ्या रंगांची. या प्रत्येक प्रकाराला खेळणारे कॉम्बो म्हणतात. म्हणजे एक्का-राजा हा हात एक्क्यांच्या जोडीपेक्षा अडीच पटीहून जास्त वेळा येतो.

समजा तुमच्याकडे राण्यांची जोडी आहे आणि फ्लॉपच्या आधीच एक सावध खेळणारा गृहस्थ ऑल-इन गेलाय. तुमच्या अंदाजानं तो फक्त गुलामांची जोडी किंवा त्यावरच्या जोड्या आणि एक्का-राजा यांवरच एवढं धाडस करतो. दोन राण्या तुमच्या हातात असल्यामुळे त्याच्याकडे राण्यांचा १ च कॉम्बो उरतो. गुलाम ६, राजे ६, एक्के ६, एक्का-राजा १६. एकूण ३५. यांतले तुम्हाला खरोखर चिरडणारे फक्त १२ आहेत, राजे आणि एक्के. एक्का-राजाच्या १६ समोर तुम्ही थोडे पुढे, गुलामांच्या ६ समोर खूपच पुढे. सगळं जोखलं तर राण्या सुमारे ४७ टक्के जिंकतात. भाव ४० टक्के मागत असेल तर कॉल. इतक्या चिंचोळ्या रेंजसमोरसुद्धा.

हे सगळं टेबलावर बसून, सगळे आपल्याकडे बघत असताना, खरंच करता येतं का?

येतं. एक डाव पूर्ण सांगतो, कारण हा प्रश्न त्याच संध्याकाळनंतर मला चौघांनी विचारला.

माझ्याकडे बदाम राजा आणि चौकट राणी. मी रेझ केलं, म्हणजे बोली वाढवली, मोठ्या ब्लाइंडवर (पत्ते बघण्याआधीच सक्तीनं चिप्स टाकाव्या लागणाऱ्या दोन जागांपैकी मोठ्या रकमेच्या जागेवर) बसलेल्या धाकट्या काकांनी कॉल केला, बाकी सगळे बाहेर. फ्लॉप: इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट चव्वी. मी बेट केली, म्हणजे चिप्स लावल्या, काका कॉल करून आले. टर्न: बदाम सत्ती. पुन्हा बेट, पुन्हा काका आले. रिव्हर: किलवर दुर्री. पॉट १२००. पाळी आधी काकांची. काकांनी चहाचा कप बशीतून उचलून कठड्यावर ठेवला, बशी त्याच्यावर झाकली, आणि दोन्ही हातांनी उरलेल्या ९०० चिप्स पुढे सरकवल्या.

भाव: ९०० भागिले ३०००. बरोबर ३० टक्के.

आता काकांची रेंज. ते मोठे हात फ्लॉपच्या आधी नेहमी रेझ करतात, त्यामुळे एक्के, राजे, एक्का-राजा बाद. मला हरवणारं काय उरतं? नव्व्या, चव्व्या किंवा सत्त्यांची जोडी, म्हणजे टेबलाशी मिळून तीन सारखी: प्रत्येकी ३, एकूण ९. एकाच रंगाचे राजा-नव्वी: २. एकाच रंगाच्या नव्वी-सत्ती: २. झाले १३.

माझ्यापुढे हरणारं काय? इस्पिकचा न लागलेला फ्लश आणि न लागलेले स्ट्रेट. राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी, एक्क्याबरोबरचं छोटं पान, सगळी इस्पिकची. डझनभर सहज निघतात. माझी राणी चौकटची होती, त्यामुळे यांतला एकही कॉम्बो माझ्या हातानं अडलेला नव्हता. तीच राणी इस्पिकची असती तर राणी असलेले हात काकांकडे असणं अशक्य झालं असतं आणि कॉल तेवढा दुबळा झाला असता.

१३ हरवणारे असतील तर ३० टक्क्यांसाठी मला काकांच्या किती थापा हव्यात? ६. कारण ६ भागिले १९ म्हणजे साडेएकतीस टक्के. ५ वर आकडा अठ्ठावीसच्या खाली येतो. एवढा एकच प्रश्न उरला: त्या डझनभर हातांपैकी निदान सहांवर काका रिव्हरला सगळं पुढे ढकलतील का?

मग काय केलंत?

कॉल. काकांनी इस्पिक दश्शी-अठ्ठी उलटली. काहीच लागलेलं नव्हतं. गच्चीवर एकच गलका झाला, भाची तर टाळ्या वाजवत उठली.

तो कॉल चुकीचा होता, आणि मी तो त्याच रात्री वहीत चुकीचा म्हणूनच लिहिला. वहीत काकांच्या रिव्हरवरच्या ऑल-इनच्या अकरा नोंदी होत्या आणि अकराही वेळा त्यांच्याकडे तयार हात निघाला होता. नोंद फक्त उघडलेल्या पत्त्यांचीच करता येते, न दिसलेल्या थापा त्यात येत नाहीत, हे धरूनसुद्धा काकांसारख्या माणसाकडे सहा कॉम्बोंची थाप आहे असं मानायला माझ्याकडे काहीच आधार नव्हता. मला फक्त राजा सोडवत नव्हता. एका डावाचा निकाल तुमचा हिशेब बरोबर होता की नाही ते सांगत नाही. हरल्यावर हे सगळे मान्य करतात. जिंकल्यावर मान्य करणारे मला फार थोडे भेटलेत, आणि खेळ सुधारतो तो तिथेच.

हाच डाव, हेच पत्ते, समोर माझी भाची असती तर? ती इस्पिकची दोन पानं दिसली की मागे बघत नाही. तिच्यासमोर मी कॉल करीन आणि हरलो तरी वहीत ‘बरोबर’ लिहीन.

चेहरा, हात, आवाज यांवरून थाप ओळखता येते का?

थोडीफार. पण हिशेब झाल्यावर, काठावरचा निर्णय असेल तेव्हाच तिचा उपयोग करा. आमच्या बैठकीत हात थरथरणारा माणूस बहुतेक वेळा मोठा हात घेऊन बसलेला निघालाय. ती थरथर भीतीची नसते, आता जिंकणार या आनंदाची असते. नवीन लोक ती नेमकी उलटी वाचतात.

शरीरापेक्षा डावाची गोष्ट जास्त खरं बोलते. फ्लॉप, टर्न, रिव्हर, तिन्ही ठिकाणी तो जे वागला ते त्या एका हाताशी जुळतं का? न जुळणारी गोष्ट हीच सगळ्यात चांगली खूण.

आणि ती गोष्ट जुळवून सांगता आली तर थाप केवढी मोठी चालते, याचं उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत आहे. शेवटचे दोघे उरलेले, क्रिस मनीमेकर आणि सॅमी फार्हा. टेबलावर नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी, तिर्री, त्यांत तीन इस्पिक. मनीमेकरकडे राजा-सत्ती, फ्लश हुकलेला, स्ट्रेट हुकलेला. तो ऑल-इन गेला. फार्हाकडे राणी-नव्वी होती, टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाची जोडी. त्यानं विचार करून पत्ते टाकले. नंतर मनीमेकर जगज्जेता झाला. फार्हाला दोष देणं मला पटत नाही. त्या टेबलावर फ्लशही बसत होता, स्ट्रेटही बसत होता, आणि एका जोडीपेक्षा मोठे हात ढीगभर होते.

मला कुणी थापेवर उठवलं तर फार झोंबतं. म्हणून कॉल करावासा वाटतो.

तीन पत्तीत ‘शो’ मागायची सवय अंगात मुरलेली असते, त्याचंच हे रूप आहे. समोरचे पत्ते बघायची उत्सुकता खरी असते, पण ती भागवायला अख्खा स्टॅक, म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स, मोजणं महाग पडतं. पॉटएवढ्या ऑल-इनसमोर हिशेबानं तुम्ही अर्ध्या वेळा पत्ते टाकले तरी समोरच्याला डोळे मिटून थापा मारून फायदा होत नाही. म्हणजे कधीकधी थापेवर उठणं हे नीट खेळण्यातच मोडतं. आमच्याकडे यासाठी एक पद्धत पडली आहे: पत्ते टाकणाऱ्याला ‘दाखव ना’ असं म्हणायचं नाही आणि जिंकणाऱ्यानंही मुद्दाम थाप उघडून खिजवायचं नाही. त्यानंतर नवीन मुलं बऱ्याच शांतपणे फोल्ड करायला लागली.

माझ्याकडे त्याच्याहून कमी चिप्स आहेत. किंवा ऑल-इन दोघांनी केलंय. मग?

तुमच्याकडे जेवढ्या, तेवढ्याच पणाला लागतात आणि प्रत्येकाकडून तेवढ्याच मिळू शकतात. जास्तीचा भाग बाजूच्या पॉटमध्ये जातो, त्यावर तुमचा हक्क नाही. भाव काढताना तो धरू नका. दोघं ऑल-इन असतील तर भाव दिसायला चांगला दिसतो, पण दोन रेंज एकाच वेळी पार कराव्या लागतात. एका जोडीचे हात अशा वेळी पटकन पडतात.

छोट्या स्टॅकवाला सारखा ऑल-इन जातोय. त्याला किती मान द्यायचा?

पुन्हा भाव. ब्लाइंड १०० आणि २०० आहेत, बाकी सगळे बाहेर पडलेत, छोट्या ब्लाइंडवरचा मुलगा एकूण १००० चा ऑल-इन जातो, तुमचे २०० आधीच पडलेले. तुम्हाला ८०० टाकायचे, पॉट होणार २०००. ४० टक्के. तो हताश होऊन काहीही ढकलत असेल तर वेगळ्या रंगांची राणी-सत्तीसुद्धा त्याच्या अंदाधुंद पत्त्यांसमोर अर्ध्याहून थोडी जास्त जिंकते. तिथे ‘चांगल्या हाताची’ वाट बघत बसलात तर तुमचेच ब्लाइंड तुम्हाला खातील. वेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री मात्र टाका. ती पस्तीसच्याही वर जात नाही.

गुणांच्या स्पर्धेत शेवटचे तीन उरलेत. तिथेही हाच हिशेब?

नाही, आणि हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. तिथे चिप्सची किंमत सरळ राहत नाही.

आमच्याकडे पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २० गुण. तिघांकडे सारख्या चिप्स असतील तर प्रत्येकाची किंमत सरासरी सुमारे सव्वातेहतीस गुण. आता एकजण ऑल-इन गेला, तुम्ही कॉल केलात. जिंकलात तर दोन तृतीयांश चिप्स तुमच्या. पहिला यायची शक्यता दोन तृतीयांश धरली तर तुमची किंमत सुमारे ४३. हरलात तर २०. म्हणजे सव्वातेहतीस पणाला लावून वर १० मिळणार आणि खाली १३ पेक्षा जास्त जाणार. ब्लाइंड बाजूला ठेवले तर चिप्सच्या हिशेबानं ५० टक्के पुरले असते. गुणांच्या हिशेबानं ५७ लागतात. आणि गंमत म्हणजे, तुम्ही दोघं भिडलात की तिसरा काही न करता वर सरकतो. म्हणून शेवटच्या तिघांत मी राण्यांसमोर एक्का-राजा टाकतो, तेच पत्ते डाव सुरू असताना, सगळे टेबलावर असताना, रात्री नऊ वाजता खुशाल लावतो.

टोकाचं उदाहरण: चौघं उरलेत, तिघांना सारखंच बक्षीस. तुमच्याकडे आणि शेजाऱ्याकडे भरपूर चिप्स, उरलेल्या दोघांकडे एकेका ब्लाइंडपुरत्या. शेजारी ऑल-इन गेला. तुमच्या हातात एक्क्यांची जोडी. टाका. ते दोघं काही डावांत जाणारच आहेत, तुमचं बक्षीस जवळजवळ हातात आलंय. कॉल केलात तर पाचातून एकदा ते गमावाल, आणि जिंकलात तरी बक्षीस तेवढंच.

विचाराला किती वेळ घ्यावा?

आम्ही ऑल-इनला दोन मिनिटं देतो. नव्यांना जास्त. कोणी घाई केली तर मी मध्ये पडतो, कारण घाईत झालेला कॉल भीतीचा किंवा रागाचा असतो. मात्र उघडच टाकायचा हात घेऊन नाटक करत बसू नये, बाकीच्यांना सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जायचं असतं.

पैसे लावून खेळलं तर हिशेब अजून पक्का होतो, असं म्हणतात.

आम्ही लावत नाही आणि तुम्हीही लावू नका. मध्य प्रदेशात १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा राज्याच्या दुरुस्त्यांसह लागू आहे. केवळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का यावर न्यायालयांचं एकमत नाही. बडोद्याचे आमचे नातेवाईक ज्या गुजरातेत राहतात तिथल्या उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये पोकर नशिबाचा खेळ ठरवला. ऑनलाइनचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेला कायदा पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करतो, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे.

कायद्याचं सोडा. पगार पणाला लागला की माणूस ३० टक्के मोजू शकत नाही, त्याला फक्त घरचा हप्ता दिसतो. आमच्या ओळखीतलं एक घर मी यात खचताना पाहिलंय. कपाटाच्या दारावरच्या खडूच्या नावासाठी लोक आमच्याकडे रात्री दीडपर्यंत भांडतात, तेवढी चुरस पुरते.

घरी सराव कसा करू?

वही करा. डाव संपला की तीन गोष्टी लिहा: भाव किती होता, तुमच्या अंदाजानं जिंकण्याची शक्यता किती होती, आणि समोरच्याच्या रेंजमध्ये तुम्ही कोणते हात धरले होते. निकाल लिहायचाच असेल तर पानाच्या मागच्या बाजूला लिहा. महिन्यानं पान न उलटता वाचा आणि प्रत्येक निर्णयापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करा, मगच मागची बाजू बघा.

एकटेच असाल तर पत्त्यांचा जोड घ्या, टेबलावर पाच पानं मांडा, हातात दोन, आणि समोरच्याचे तुम्हाला हरवणारे कॉम्बो मोठ्यानं मोजा. पहिल्या दिवशी एका डावाला दहा मिनिटं लागतील. भाचीला आता एका मिनिटात जमतं; ती पोहे होईपर्यंत ओट्याशी उभी राहून मोजते आणि चुकली की पत्ते पिसून परत मांडते.